सहा घरचं विरजण

३ मार्च, सकाळ. पिंपळगाव राजा
तिसरी केमो झाली. मी ठणठणीत. अकोल्याच्या नर्सबाई म्हणाल्या, हे औषध कॅन्सरबरोबर आतड्यातले चांगले जीवाणूही मारतं, म्हणून पोट बिघडतं. जास्त वेळा जावं लागलं तर लगेच फोन करा. जास्त म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. त्यामुळे जास्त झालेलं नाही.
गल्लीत सगळ्यांना ॲसिडिटी सांगितली आहे. कुणालाही शंका नाही. टोपी घालतोच.

४ मार्च
फोन करणार नाही. मागच्या खेपेला शेजारच्या बेडवरच्या वामनरावांनी पोटाचं खरं सांगितलं, तर त्यांचा डोस थांबवला. या खेपेला त्या बेडवर दुसराच माणूस. ते कुठे गेले, हे विचारायची हिंमत झाली नाही. हिंमत नव्हे, वेळ. वेळ झाला नाही.
निश्चय: जीवाणू मेले तर नवे भरायचे. दही! इतकी वर्षं पिठाची गिरणी चालवली, स्वतःचं पोट चालवता येणार नाही?

५ मार्च
घरच्या दह्यात एकाच खानदानाचे जीवाणू असणार. म्हणून सहा घरांतून विरजण मागून आणलं. गुलजारभाईंकडचं सगळ्यात आंबट. पोटात राष्ट्रीय एकात्मता. गुलजारभाई म्हणाले, ॲसिडिटीले दही काऊन, मोतीरामभाऊ? विषय बदलला.
बायकोनं, सत्यभामेनं, विचारलं, डॉक्टरले इचारलं का? हाव म्हणालो. मनातल्या मनात विचारलं होतं.

६ मार्च, दुपार
नवे भाडेकरू आले की घरात थोडी आदळआपट होणारच. पाण्यासारखं होतंय, म्हणजे सफाई. पायात गोळे येतात ते उन्हामुळे. गिरणी चालू केली, लगेच बंद केली. फोन समोर ठेवलाय. सत्यभामा म्हणाली, मी लावू का? ओरडलो तिच्यावर. तिला कळत नाही, डोस थांबला तर
वाक्य उद्या पूर्ण करू.

७ मार्च
ताप. थर्मामीटर जुनं आहे, वाढवून दाखवतं.
दही संपवलं.

९ मार्च, अकोला, दवाखाना
संडासाच्या दारात पडलो म्हणे. गुलजारभाईंनी गाडीत घालून आणलं. वाटेत सत्यभामा त्यांना आजाराचं सांगू लागली, तर म्हणाले, भाभी, साऱ्या गल्लीले मालूम आहे, फक्त भाऊले सांगू नका.
डॉक्टर संतापले. पांढऱ्या पेशी कमी असताना सहा घरचं दही! पहिल्याच दिवशी फोन केला असता तर गोळ्यांवर भागलं असतं. आता सलाईन. डोस पुढे ढकलला. थांबवला नाही, ढकलला. दोनदा विचारून घेतलं.
मग वामनरावांचंही विचारलं. नर्सबाईंनी पडदा सरकवला. पलीकडे वामनराव पेज पीत बसलेले! त्यांचाही डोस नुसता ढकलला होता, काल पुन्हा सुरू झाला. मला बघून म्हणाले, काऊन हो, लपवलं का?
सत्यभामा स्टुलावर बसली होती. म्हणाली, भेव वाटून राह्यलं का? सवयीनं नाही म्हणालो. ती म्हणाली, मले तं लय वाटून राह्यलं, अन् सांगाले घरात कोनी नोयतं.
सहा तारखेचं अर्धं राहिलेलं वाक्य मग तिला पूर्ण सांगितलं. दोघंही रडलो. पडद्यापलीकडून वामनरावांनी विचारलं, थोडी पेज घेता का?