निलेशचं एडिंबरा

१९ एप्रिल, रविवार

परत किल्लाच! "जेवलीस का?" नाही, "गुडघा कसा आहे?" नाही — मोबाईल उघडला की नातवाचा किल्ला. "आजी, बघ गं, एडिंबरा!" बघितला. काळा दगड. खाली बाप्ये परकर नेसून, बगलेत पखाल दाबून पिपाणी फुंकत होते. एवढाले धिप्पाड, आणि आवाज मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा.

नातसून कुठे, विचारलं. "श्रुतिका झोपलीय." बरं.

२६ एप्रिल

आज बाजार. शाली, नुसत्या चौकटी-चौकटी. "इथली खासियत, आजी!" असले तुकडे आमचे हे गिरणीतून आणायचे, मी पायपुसणी शिवायचे. मग ताटलीत काहीतरी काळं. मेंढीचं काळीज-फुप्फुस कोथळ्यात भरून उकडलेलं. मानाचा पदार्थ म्हणे! अरे, घाटकोपरला गाडीवर वजडी शिजायची तर नाक धरून पळायचास.

श्रुतिका आंघोळीला गेलेली.

३ मे

तळं, डोंगर, धुकं, गाई. हे तर आमचं कुडाळ! फक्त गाई झिपऱ्या. हे बघायला विमानाने गेला.

श्रुतिकाचं डोकं दुखतंय.

४ मे, सोमवार

आज मधेच फोन. तिकडे सुट्टी. टोप दाखवला — "श्रुतिकाने बांगड्याचं तिखलं केलंय, आजी!"

सोमवारी? ती पोरगी सोमवारी अंड्याला शिवत नाही. लग्नाआधीपासून. नवऱ्याला वार आठवेना!

छान, म्हटलं. ठेवला.

५ मे

मुलुंडला तिच्या आईला फोन लावला. "सुगंधाताई, श्रुतिकाला द्या." सगळं ठाऊक असल्यासारखी बोलले. त्यांनी तिला हाक मारली. श्रुतिकाच फोनवर आली — "आजी, तुम्हाला कुणी सांगितलं?"

शिमग्यापासून मुलुंडला आहे! मी इथे किल्ले बघतेय.

इथली नोकरी सोडून गेली त्याच्यामागे. तिकडे दिवसभर चार भिंती. परत जाऊया म्हटलं की हा म्हणायचा, "शहर बघ, फिर जरा!" भांडण झालं, आली निघून. तेव्हापासून हा तिचा फोनच घेत नाही. "मला अजून राहायचंय त्यांच्याबरोबर, आजी. पण ते हो-नाही काहीच बोलत नाहीत."

माझ्याशी बोलायला बरं तोंड आहे मेल्याला!

१० मे, रविवार

काल जाऊन तिला घेऊन आले. मोबाईल तिच्याच हातात दिलाय. वाजला की तिने उचलायचा. किल्ला दिसला तर पुरे म्हणायचं. हो की नाही ते निलेशने सांगायचं — मला नाही, तिला.