तेच असलं तरी ठिपका

६ जानेवारी
पुन्हा दहावीचं गणित. ह्या वयात! अंगणवाडीच्या मदतनिसाची सेविका व्हायचं तर शिक्षण पाहिजे, अन् माही गाडी गणितातच अडकून राह्यली. दिवसभर चुलीवरचा खिचडीचा गंज, लेकरायची नाकं, घरी आलं की y = 5. स्थिर बहुपदी म्हणे, आलेख काढा. x दिसतच नाही त्यात. नाही म्हणजे शून्य, म्हणून शून्यावर उभा पाच मोजला, एक ठिपका दिला, वही मिटली. सना पोट धरून हसली. नववीत हाय, पण घरची हेडमास्तरीण. "अम्मी, एकच ठिपका?" मी आडवी झाली.

७ जाने.
सनानं धरून बसवलं. "x लिहिला नाही म्हणजे शून्य नाही, अम्मी. x कितीबी असू दे, y पाचच. एकले पाच, दोनले पाच, उणे तीनलेबी पाच."
"तेच ते कितीदा मांडू?"
"सगळीकडे मांड. तवा रेघ होते."
झाली. आडवी, दोन्हीकडून न संपणारी. माह्या कामावानी. झाडू, खिचडी, भांडे, पुन्हा झाडू. पण पटलं नाही. जे बदलतच नाही ते पुन्हा पुन्हा कायले मांडायचं?

८ जाने.
वजनाचा दिवस. कांताताई, आमची सेविका, काटा वाचते अन् फोनात भरते. लेकरायच्या तक्त्यावर ठिपके माह्याकडं. रीत जुनी हाय: वजन वाढलं तर ठिपका, तेच असलं तर मागचाच चालते, उगाच तक्ता घाण कायले करा.
मायाची परी आठ किलो. "मागच्यावानीच," ताई म्हणे. मी पेन्सिल खाली ठेवली. अन् सना आठवली.
परीचा शेवटचा ठिपका ऑक्टोबरचा. पुढं कोरं. ताईले फोनात पाह्याले लावलं. नोव्हेंबर आठ, डिसेंबर आठ, आज आठ. मांडले. आडवी रेघ. वयाप्रमाणं नीट वजनाचा हिरवा पट्टा आपला वर चढत गेलता, रेघ तिथंच, अन् परी पिवळ्यात, कमी वजनात. या अल्लाह. इतके दिवस माह्या हातून…
ताईनं तक्ता जवळ ओढला. मग म्हणे, "आकडे भरायच्या घाईत म्या रंग पाह्यलाच नाही, शहनाज."

९ जाने.
मायाकडं गेलती. कापूस वेचून आलती, हातपाय धुवून राह्यली होती.
"आठची होती, आठचीच हाय. कमी तं नाही न झाली, बाई?"
"अवं, दीड वर्षाची पोर हाय ते, कोपऱ्यात ठेवलेलं पोतं नाही!"
लयच जोरात बोलली मी. तिचा चेहरा उतरला. माया दिवसभर वावरात, पोर चहा-बिस्किटावर. तिले कोणी सांगितलं होतं का? आम्हीच सांगायचं होतं.

१२ जाने.
परीले दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणे रक्त तपासू, घासात तेल टाका, दिवसातून चार-पाचदा चारा, पुढच्या महिन्यात वजन पाह्यू. माया नुसती मान हलवे. परी माह्या ओढणीची गाठ चोखत बसली. उचलली तं हलकी. आधी कधी जाणवलं नाही. कंबर लय दुखते आज.

५ फेब्रु.
वजन झालं. परी नाही. माया तिले घेऊन माहेरी, मुकुटबनले गेली. काहून, कधी येणार, कोणाले ठाव नाही.
बाकीच्यायचे ठिपके मांडले, ज्यायचं तेच होतं त्यायचेबी. परीचा फेब्रुवारी कोरा. हा आठचा कोरा नाही. मले खरंच माहीत नाही, असा कोरा. पेपर जवळ आला, अभ्यासात जीव लागत नाही.

६ फेब्रु.
सांजच्याले मायाचा फोन लागला एकदाचा.
"तिकडच्या अंगणवाडीत काट्यावर ठेव तिले, अन् मले सांग."
"आठच असन, बाई. त्यात सांगायचं काय?"
"आठ तं आठ सांग. पण सांग."
मागं परी रडत होती. माया म्हणे उद्या पाह्यतो, अन् फोन कटला.