क्रिस्टिनाचं पळणं, माझं नाव

३ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरांनी परवानगी दिली म्हणून आज पळालो. पळालो म्हणजे काय — घरून भुईगावच्या किनाऱ्याकडे निघालो आणि अर्ध्या वाटेत एका वाडीचं कुंपण धरून उभा राहिलो. घोटा दुखला नाही. मोडला होता घोटा, पण गेलं ते सगळंच शरीर. आतून एक मावशी म्हणाली, ‘पानी पायजे का रे?’ मान खाली घालून परत फिरलो.

घरी येऊन कित्येक महिन्यांनी मोबाइलवर धावण्याचं ॲप उघडलं. जूनपासून उघडलंच नव्हतं, इतरांचं पळणं बघवत नव्हतं. तर माझ्या नावाखाली एकामागून एक रन. सप्टेंबरचे, ऑक्टोबरचे. चांगले, दमदार. खाली आमच्या धावण्याच्या ग्रुपमधल्यांचं कौतुक — ‘वाघ परत आला’, ‘काय कमबॅक!’

आधी वाटलं ॲप बिघडलंय. मग आठवलं. पावसाळ्यापासून माझं पळण्याचं घड्याळ क्रिस्टिनाच्या हातात आहे. ‘पडून आहे तर मी चालायला घालते,’ म्हणाली होती. घड्याळ जोडलेलं माझ्या मोबाइलला. ती घरी आली की सगळं आपोआप माझ्या नावावर चढतं.

चालायला जाते, असं मी समजत होतो. माझी बायको पळते आणि मला माहीत नाही.

सगळ्यात शेवटी ॲल्रॉयनं लिहिलं होतं, ‘भावा, इतक्या लवकर? मानलं तुला.’ ग्रुप त्यानेच बांधलाय. मी उत्तर दिलं — ‘थँक्स. हळूहळू जमतंय.’

का दिलं, माहीत नाही. नाही, माहीत आहे.

४ नोव्हेंबर

क्रिस्टिना बोंबील साफ करत होती. विचारलं, ‘तू पळतेस?’

‘चालता चालता लागले पळायला,’ ती म्हणाली. हात थांबले नाहीत. ‘तुझा पाय प्लास्टरमध्ये. तेव्हा कसं सांगणार, मला मजा येतेय म्हणून?’

इथेच सांगायला हवं होतं. त्याऐवजी म्हणालो, ‘सकाळी घड्याळ तूच घालत जा. मला अजून घाई नाही.’

इतकी खूश झाली की मला जेवण गेलं नाही.

९ नोव्हेंबर

आजही तिनेच घातलं. दुपारपर्यंत माझं भरपूर कौतुक झालं. एकेक वाचलं. दोनदा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ॲल्रॉयचा फोन. डिसेंबरच्या रिलेत शेवटचा टप्पा मला. ‘तुझा आत्ताचा वेग बघता दुसरं कोण आहे?’ हो म्हणालो.

मी स्वतः पळतो ते सुरूच्या झाडांमागे, वाळूत, जिथे ग्रुपमधलं कोणी येत नाही. चार पावलं पळतो, मग चालतो. रिलेच्या आठवडाभर आधी घोटा पुन्हा दुखतोय म्हणून सांगायचं. तेही ठरवून ठेवलंय. घोट्याच्या नावावर किती काय खपवणार मी!

२३ नोव्हेंबर, रविवार

मिस्सा संपली. चर्चबाहेर ॲल्रॉयनं गाठलं. माझ्या पाठीवर थाप मारून क्रिस्टिनाला म्हणाला, ‘वहिनी, काय खायला घालता याला? गुरुवारी नालासोपाऱ्यापर्यंत जाऊन आला पठ्ठ्या. इथे सगळे याचं नाव घेतात.’

गुरुवारी मी दहापर्यंत झोपलो होतो. नालासोपाऱ्याला तिची बहीण राहते.

क्रिस्टिनानं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग त्याला म्हणाली, ‘घरचंच जेवतो.’

घरी आल्यावर घड्याळ काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि भात लावायला आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

२४ नोव्हेंबर

ती आज पळायला गेली नाही.

मी ग्रुपवर लिहिलं. तीनदा खोडलं. आधी ‘गैरसमज झाला’ असं लिहिलं होतं, ते काढलं. शेवटी एवढंच — ‘हे सगळे रन क्रिस्टिनाचे आहेत. मला तुम्ही शाबासकी दिलीत ती मी गप्प बसून घेतली. मला अजून धड पळता येत नाही.’

संध्याकाळी ॲल्रॉयचा फोन. रागावेल असं वाटलं होतं. म्हणाला, ‘मग रिलेला वहिनी येतील का?’

माझं नाव नाही, काही नाही. बरोबरच आहे.

तिला विचारलं. म्हणाली, ‘पळायचं की नाही ते माझं मी बघेन.’ जरा वेळानं — ‘चुकून तुझ्या नावावर गेलं, त्याचं काही नाही. पण माझ्या पळण्याबद्दल तू थँक्स म्हणालास, ऑस्टिन.’

२९ नोव्हेंबर

पहाटे दार वाजलं. क्रिस्टिना गेली, उजाडल्यावर आली. चहा पिताना म्हणाली की रिलेत ती पळणार आहे. आमच्या ग्रुपकडून नाही. बहिणीच्या सोसायटीतल्या बायकांची टीम आहे, त्यांच्याकडून. ॲल्रॉयला तिनेच कळवलं.

मी ‘छान’ म्हणालो. तोंड कुठे लपवावं कळेना.

७ डिसेंबर, रविवार

रिले झाली. रस्त्याच्या कडेला पाणी द्यायला उभा होतो. क्रिस्टिना आली — छातीवर तिचं नाव, आमच्या टीमच्या पुढे. मी ग्लास पुढे केला. तिने पलीकडच्या बाईच्या हातचा घेतला आणि गेली.

परतताना स्कूटरवर मागे बसली. मग म्हणाली, ‘उद्या पाचला उठवते तुला. मी हळू पळेन.’