नानांच्या नंबरावरचे त्रेचाळीस

सोम., ३ नोव्हेंबर
धुळ्याच्या मोटरपंप कंपनीने 'महिनाभर करून दाखवा' म्हटलं. आमचं पहिलं गिऱ्हाईक! शेठना तासभर समजावलं. विक्री, गोडाऊन, दुरुस्ती. तीन संगणक, तीन याद्या. एकच शेतकरी तिन्हीकडे वेगळ्या नावाने. आम्ही एकच खरी यादी सांभाळू आणि तिघांना रोज पुरवू, नळाला पाणी येतं तशी.
शेठ म्हणाले, "म्हणजे माझीच गिऱ्हाइकं तुम्ही मला भाड्याने देणार?"
मी म्हटलं, गिऱ्हाइकं तुमचीच, भाडं ती यादी रोज नीट ठेवण्याचं.
पुण्याच्या जुन्या ऑफिसचं पत्र छापून घरच्या ड्रॉवरमध्ये टाकलंय. परत या म्हणतात. २९ पर्यंत कळवायचं. शेठ नाही म्हणाले तर जळगावची ही पिंप्राळ्यातली खोली, बाहेरचा बोर्ड, सगळं गुंडाळून पुणे. मला जायचं नाहीये. आईला पत्राचं बोलले नाही.

शनि., ८
याद्या एकत्र केल्या. नियम माझा: मोबाईल नंबर एक, तर माणूस एक. इम्रान (भागीदार, जन्मजात संशयी. पुढे नुसता इ.) म्हणाला, "ताई, अब्बांच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात निम्मी लोकं कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा नंबर देतात."
मी म्हटलं, ते तुमच्या गल्लीत.
हजारावर जास्तीच्या नोंदी एका दमात साफ. यादी कशी सडपातळ झाली! स्वतःवर फार खूश. इ.ला शेवभाजी खाऊ घातली.

मंगळ., ११
सकाळी साडेसातला फोन. दात घासता घासता उचलला. एक म्हातारा, आवाज खणखणीत; नंबर कंपनीच्या मेकॅनिकने दिला म्हणे.
"मी वडगावना नाना बोली ऱ्हायनू. मन्ही मोटर चांगली चाली ऱ्हायंती. तुन्हा माणूस ईसन खोली गया. कसाले?"
बघते म्हटलं. यादी उघडली. नानांच्या एका नंबरावर वडगावचे त्रेचाळीस शेतकरी होते. माझ्या नियमाने त्रेचाळिसांचे एक नाना करून टाकले. कुणाचीही मोटर बिघडो, मेकॅनिक नानांच्या विहिरीवर!
इ. नुसता चहा ढवळत बसला. चहावाल्याचा टोमणा मारला असता तर बरं.

शुक्र., १४
वडगाव. मी आणि इ., चाळीसगावपर्यंत रेल्वे, पुढे रिक्षा. नाना निवृत्त पोस्टमन. चाळीस वर्षं गावाची पत्रं, मनीऑर्डरी त्यांच्या हातून. त्यामुळे 'नंबर सांगा' म्हटलं की अख्खं गाव बिनदिक्कत नानांचा सांगतं.
"पण सगळ्यांकडे फोन आहेत ना, नाना?"
"बठ्ठासकडे शे. पन शेतमा उचलस कोन? मी उचलस!"
तिथे सिंधूबाई आल्या. गव्हाचं पहिलं पाणी द्यायचं आणि आठ दिवस मोटर बंद. "तीन दाव तक्रार करी. दरदाव निरोप उना, काम व्हयी गयं." तीन वेळा तक्रार, तिन्ही वेळा 'काम झालं'. भांडल्या नाहीत, नुसतं सांगितलं. मी 'जास्तीची नोंद' म्हणून पुसली होती ती ही बाई. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
इ.ने स्टार्टर उघडला, कपॅसिटर गेलेला. परत चाळीसगावला जाऊन नवा आणला, बसवला. पाणी सुटलं तसा सिंधूबाईंचा चेहरा... आणि माझाही.
नानांकडे फुनके-कढी, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके आणि कढी. इ.ने सात फुनके खाल्ले, मी मोजत होते.

बुध., १९
नानांशी फोनवर दोन तास. त्रेचाळीस माणसं एकेक करून सुटी केली. कोण कोणाचा चुलता, कोणती विहीर सामाईक, कुणाचा गट नंबर काय, त्यांना सगळं तोंडपाठ. आमचा संगणक नानांपुढे पाणी भरतो.
नवा नियम: माणूस ओळखायचा मोटरवरच्या नंबरावरून आणि गट नंबरावरून. फोनसाठी वेगळा रकाना, 'निरोप कोणाकडे द्यायचा'. रकान्याचं नाव इ.ने सुचवलं. त्याला एकदाचं म्हणून टाकलं की चहावाल्याचं तू बरोबर बोलला होतास. स्वारी दिवसभर शीळ घालत होती.
बाकीची गावंही उलगडतोय. असे 'नाना' गावोगाव निघतायत!

सोम., २४
धुळे. इ. म्हणत होता, दुरुस्त झालंय, आता कशाला सांगायचं. सांगितलं. सिंधूबाईंचंही.
शेठनी पेपरवेट फिरवला. मग, "मॅडम, चूक केली असं आमच्याकडे कोणीच कबूल करत नाही. तीन याद्या काय उगाच झाल्या?" हसले की चिडले, कळेना. वडगावच्या शेजारच्या गावचे नवे फॉर्म तुमच्या रकान्यासकट भरून आणा म्हणाले. ते बघून शनिवारी सांगतो.
शनिवारीच २९.
नाना फॉर्म भरून घ्यायला एका पायावर तयार. "घरमा बसीसन करू काय?"

शुक्र., २८
फॉर्म आले. नानांचं अक्षर मोत्यासारखं. माणसं वेगळी, मोटरी वेगळ्या, गट नंबर चोख. शेवटचा रकाना वाचला, परत वाचला. एकतीस फॉर्म. त्यातल्या एकोणीस जणांचा 'निरोप कोणाकडे': माझा नंबर!
नानांना लावला फोन. हे काय?
"त्या गावमा पोस्टमन नही. माले इचारं, फोन कोन उचलस? मी सांगं, जळगावनी ती पोरगी उचलस. सकाळे साडेसातलेबी."
इ. पोट धरून हसला. मी पण. मग उगाच डोळे भरून आले, ते त्याने बघितलं नाही बहुतेक.
फॉर्म शेठकडे पाठवले, त्या एकोणिसांसकट. पाहू.

शनि., २९
शेठचा फोन नाही. अकरा वाजले, बारा वाजले. पुण्याचं पत्र समोर घेऊन बसले. आई भरताची वांगी भाजत होती, तिथूनच म्हणाली, "ड्रॉवर मीच आवरते, विसरलीस का? जायचं तर जा, राहायचं तर राहा. पण जेवून ठरव."
हो लिहावं की नाही, एवढंच. पेनाचं टोपण काढलं तोच फोन. अनोळखी नंबर. बाईचा आवाज, मागे वारा.
"फोन उचलनारी पोरगी तूच का वं?"
हो म्हटलं.
"मोटर गुरगुर करस, पन पानी नही."
मोटरवरचा नंबर वाचा म्हटलं. कागद हाताशी नव्हता. पुण्याचं पत्र उलटं केलं आणि त्याच्यावर लिहून घेतला.