बारावी खोली

कैरुआन,
शनिवार, ९ नोव्हेंबर

प्रिय वसीलाताई,

सलाम. तिकडे सगळे ठीक असाल असं धरून चालते. इथे ऑलिव्हची तोडणी सुरू झाली आहे, आईचे गुडघे पुन्हा सुजलेत, आणि बाबा नीट जेवत नाहीत.

गेल्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. लल्ला महजूबाच्या घराच्या बाराही खोल्या मी मोजल्या असं मी लिहिलं होतं. मी अकरा मोजल्या.

तुला वाटेल, एका खोलीचं काय एवढं. मलाही तसंच वाटावं म्हणून तीन आठवडे धडपडते आहे.

तिचा नवरा गेल्यावर दोन्ही दिरांनी वाटणी मागितली आणि कोर्टाने मूल्यांकन बाबांकडे दिलं. नेहमीप्रमाणे बाबा देवडीत मोठ्या दिराबरोबर चहा पीत बसले आणि मी फीत घेऊन आत गेले. तुझ्या लग्नाआधी तू जायचीस, तुझ्याआधी आत्या जायची. बायकांच्या खोल्यांत परका पुरुष जाणार कसा? आपण आकडे आणायचे, बाबांनी सही करायची. यात काही चुकतंय असं आपल्याला कधी वाटलंच नाही.

वरच्या खोलीत लल्ला महजूबा नवऱ्यामागच्या इद्दतीत बसली होती. पांढरे कपडे, तोंड भिंतीकडे. दार सताड उघडं होतं. तिची जाऊ मला म्हणाली, राहू दे गं, खालच्या खोलीवरच तर आहे ती, तेवढीच असणार. दुःखात बसलेल्या बाईच्या पायांवरून फीत ओढायची मला लाज वाटली. मी उंबऱ्यावरूनच परतले. खालच्या खोलीचं माप वरच्या खोलीपुढे लिहिलं, आणि छतापुढे लिहिलं: उत्तम.

आता मूल्यांकनाच्या नव्या मंडळाचं सांगते. यापुढे परवाना असल्याशिवाय कुणालाही मूल्यांकन करता येणार नाही. आम्हा तरुणांना परीक्षा आहे, आणि परवानाधारकाच्या हाताखाली दोन वर्षं उमेदवारी. लेखी परीक्षा मी पास झाले, हे तुला कळवलंच होतं. बाबांसारख्या जुन्या लोकांना परीक्षा माफ आहे. त्यांनी दहा अहवाल द्यायचे, आणि प्रत्येक खोलीत आपण स्वतः गेलो होतो असं शपथपत्र द्यायचं. बाबांनी दिलेल्या दहांत महजूबाचं घर आहे. बाबांना परवाना मिळाला नाही तर त्यांचं काम संपलं, आणि माझंही. इथे दुसरा कोण मला हाताखाली घेणार?

गेल्या रविवारी आईने महजूबासाठी खजुराचे गोड मकरूद दिले, म्हणून मी वर गेले. वाटणीत तिला तीच खोली मिळणार आहे, माझ्या मापाने पूर्ण हिस्सा धरून. ताई, खोली खालच्यापेक्षा सव्वा हात आखूड आहे. मागची भिंत जाड आहे, ते खालून कळत नाही. दोन तुळया कुजल्यात. त्यांना ऑलिव्हच्या लाकडाचे टेकू दिलेत आणि दोन टेकूंच्या मधे तिचं अंथरूण आहे.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "तू मोजलीस ना, पोरी? मग तेवढीच असणार. मलाच लहान वाटते. एकटी राहिलं की वाटतं तसं."

मी मकरूद ठेवले आणि खाली आले.

बाबांना मंगळवारी सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि कितीतरी वेळ ते टोपणच दाबत बसले. मी म्हटलं, निदान आत मी गेले होते एवढं तरी अहवालात हवं होतं.

"तू माझा हात आहेस," ते म्हणाले. "हाताचं नाव कुणी लिहितं का? एक कागद मागे घेतला की दहाही जातात, हनेन. दहांपैकी एकाही घरात मी आतपर्यंत गेलेलो नाही."

मग म्हणाले, वाटणी होऊन जाऊ दे, वसंतात आपण गुपचूप तुळया बदलून देऊ. वसंतापर्यंत पाऊस थांबणार आहे का, हे मी त्यांना विचारलं नाही.

आणि आता जे लिहायचं मी चार पानं टाळत आले ते. बाबांचं शपथपत्र मी टाईप केलं. मंगळवारी, हे बोलणं झाल्यावर. 'प्रत्येक खोलीत मी स्वतः' हे शब्द मी माझ्या बोटांनी लिहिले, आणि बाबांनी सही केल्यावर शाई वाळवायला फुंकरसुद्धा मारली. परीक्षेत याच विषयावरच्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते.

खरं सांगून कुणाचं भलं होईल असं मला दिसत नाही. महजूबाचे दीर तिला दुसरी खोली देतील की कोर्टात वर्षानुवर्षं रखडवतील, देव जाणे. बाबा पुन्हा माझ्याशी बोलतील असं वाटत नाही. त्या दहांतली चार घरं तू मोजलेली आहेस. मी तुझं नाव आपणहून घेणार नाही, पण विचारलं तर नाकारणारही नाही. म्हणून तुला आधी कळवते आहे. तू रागावलीस तर मला सोसावं लागेल.

वाटणीवर सह्या शुक्रवारी आहेत. खरं माप, छताची अवस्था आणि आत कोण गेलं होतं, हे सगळं मी वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. खाली माझी सही आहे. तिला अजून कुठे किंमत नाही. एक प्रत कोर्टात देईन, एक मंडळाला. बाबांना मी कागद द्यायला जायच्या आदल्या संध्याकाळी सांगेन, म्हणजे त्यांना बाहेरच्या कुणाकडून कळणार नाही.

तुझीच,
हनेन

कागद द्यायला जाणार तो दिवस: गुरुवार, १४ नोव्हेंबर, कचेरी उघडताच.