लवकर या

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कबूल करतो, हे पत्र मी गेला महिनाभर लिहितोय. म्हणजे डोक्यात, कागदावर आज उतरलं. मध्ये एकदा बसलो होतो, पण पेन शोधायला उठलो तो थेट बंदरावर पोचलो. वाटेत एक माणूस हातगाडीवरून भलीमोठी पितळी घंटा नेत होता आणि ती कुठे चाललीय हे कळल्याशिवाय मला परत फिरवेना. (दुरुस्तीला चालली होती. त्यात काही विशेष नव्हतं.) फोन का नाही केलास, असं म्हणू नकोस. फोनवर मी नुसतं बरं चाललंय म्हणतो, ही तुझीच तक्रार आहे, आणि अण्णा तर फोन कानाला लावतच नाहीत. पत्र निदान तू मोठ्याने वाचतेस आणि ते ऐकत नसल्यासारखं करून ऐकतात.

तर मी इथे अगदी सुकत आहे, काळजी नसावी.

हॉस्टेलमध्ये माझं ठरलंय ते असं: सकाळी पाहुण्यांच्या चादरी बदलायच्या, दुपारी दारापाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहायची, आणि बदल्यात खाट आणि दोन वेळचं जेवण. माझी खोली खरं तर चादरींची खोली आहे. तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि त्यावर घड्या, चौथ्या भिंतीला मी. साबणाचा वास इतका, की मला आता मळका माणूस लांबूनच ओळखू येतो. इथवर आलो तेही असंच. एका बाईच्या दोन मांजरी सांभाळल्या, त्यांच्या घरात पाय पसरून राहिलो. फर्निचरच्या ट्रकवर सामान उतरवायला गेलो, ट्रकने पुढच्या शहरात सोडलं. परदेशात राहायला गडगंज असावं लागतं ही अफवा कोणी उठवली देव जाणे. अंगात थोडा निर्लज्जपणा आणि पाठीवर हलकी पिशवी, एवढ्यावर भागतं.

आता मुद्दा. थंडीत हॉस्टेल बंद होतं. मग मला एकतर दुसरा आसरा हवा, नाहीतर मुकाट्याने घरी. आणि आसरा सापडलाय! टेकडीवर एक म्हाताऱ्या बाई आहेत, जुने पडदे द्यायला इथे आल्या होत्या. त्या आणि त्यांचे मिस्टर थंडीभर लेकीकडे जाणार. मागे घर, कोंबड्या आणि शेगडी सांभाळायला त्यांना माणसं हवीत. राहायला अख्खं घर. फक्त खिडक्या नीट करून द्यायच्या. मी छाती पुढे काढून सांगितलं, की आम्ही सुतारच. बाई खूश. पण त्यांची एक अट आहे: दोघं हवीत. एकटा माणूस घसरून पडला तर कोंबड्यांना कोण बघणार, असं त्यांचं म्हणणं. माझी काळजी नाही, कोंबड्यांची!

ताई, तू ये. लहानपणी नकाशावर बोट ठेवून गावं कोण निवडायचं? मीच. पण नकाशा तू धरायचीस. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बाईंना सांगायचंय. अण्णांना शेजारचे बघतील.

रागावलीस तरी अर्धाच राग पोस्टात टाक, बाकीचा मी आल्यावर दे.

तुझा,
भोवरा

---

२१ ऑगस्ट

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आधी शुद्धलेखनाचं बोलते. तुला 'सुखात आहे' लिहायचं होतं, तू लिहिलंयस 'सुकत आहे'. मी नेहमीसारखं जसंच्या तसं मोठ्याने वाचलं. अण्णा खिडकीशी पाठ करून बसले होते. त्यांच्या हातातली हातोडी थांबली. दोन वेळचं जेवण म्हणजे किती, असं त्यांनी भिंतीला विचारलं. मला नाही, भिंतीला. मी म्हटलं, 'ख' आणि काना खाल्लाय त्याने, म्हणजे पोट भरलेलं असणार. हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा विचारलं, की तो काना नक्की खाल्लाच आहे ना.

अण्णांचं ऐक. आपला सुतारकामाचा कारखाना विकला तिथे आता एकजण सायकली भाड्याने देतो. अण्णा त्या रस्त्याने जात नाहीत, लांबचा वळसा घेतात. घरात बसून वाकडे खिळे ठोकून सरळ करतात. डबाभर झाले. मग त्यांनी स्वयंपाकघराचं दार रंधलं, नीट होतं तरी. मग शेजाऱ्यांची स्टुलं. आता या इमारतीत डुगडुगणारी एकही वस्तू उरलेली नाही, आणि मला तीच भीती वाटते. परवा समोरच्या वहिनींनी, बिचाऱ्यांनी, त्यांना बरं वाटावं म्हणून चांगला पाट मुद्दाम सैल करून आणला. अण्णांनी तो हातात घेतला, खालून बघितला आणि तसाच परत दिला. त्या दिवसापासून खिळ्यांचा डबाही बंद आहे. नुसते बसतात.

अशा माणसाला शेजाऱ्यांवर टाकून येऊ म्हणतोस? चहाचं आधण कुठल्या भांड्यात ठेवायचं हे त्यांना अजून विचारावं लागतं.

शिवाय तुझ्याबद्दल त्यांचं एकच पालुपद: दुसऱ्याच्या घरात फुकट राहतो. हा शब्द ते असा उच्चारतात, की फळीतून खिळा उपटावा.

आणि माझं? चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायच्या खोलीचा ताबा कुणाला द्यायचा ते ठरतंय. दोन नावं आहेत, त्यात एक माझं. इतकी वर्षं लोकांची नजर नीट करून दिल्यावर मालकांची नजर शेवटी माझ्यावर पडली म्हणायची. तेव्हा हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. विचार करते.

गरम कपडे घालत जा. ओरडते ते जीव आहे म्हणून, हे तुला कळतं हे मला माहीत आहे.

ताई

---

६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या वेळी लगेच लिहितोय, बघ. सुखात आहे, सुखात आहे, सुखात आहे. तीनदा लिहिलं. हे तेवढं अण्णांना कागद समोर धरून दाखव.

अण्णांना माझ्यातर्फे सांग, की मी फुकट राहत नाही. चाळीस चादरींच्या कडा जुळवून घड्या घालणाऱ्याला फुकट्या म्हणतात का? रोख देत नाही, घाम देतो. त्यांनीच नाही का एका दवाखान्याच्या बाकांचे पाय बसवून माझे दात दुरुस्त करून घेतले होते? मग! मी तेच करतोय, फक्त तिकीट काढून.

टेकडीवर जाऊन आलो. घर मोठं आहे, स्वयंपाकघरात लांब टेबल, शेगडीमागची भिंत धुरकटलेली. खिडक्या मात्र रडवणाऱ्या. लाकडाच्या चौकटी, सरकवून वर करायच्या. काही फुगून अडकल्यात, काही इतक्या सैल की बाई फटींत जुने मोजे कोंबतात. सगळ्या घराला मोजे घातल्यासारखं दिसतं. मी एक खिडकी रंधायला घेतली, म्हटलं सोपं आहे, लहानपणापासून बघतोय. बघणं आणि करणं यात बरंच अंतर असतं, हे मला तिथे कळलं. जास्तच काढलं. आता वारा आला की ती खिडकी शिट्टी वाजवते. बाईंचे मिस्टर ऐकायला कमी येणारे, तेही दचकून बघतात. बाईंनी माझ्याकडे बघून आणखी एक मोजा काढला.

खरं सांगतो ताई, हे जमलं नाही तर मी परत येईन. आणि मला असं परतायचं नाहीये. हरून आलेला मुलगा त्या खिळ्यांच्या डब्याशेजारी बसलाय, हे चित्र मला बघवत नाही.

प्रवासाची भीती बाळगू नकोस. तिकीट आठवड्याच्या मधल्या वारांचं बघ, दोन ठिकाणी बदलावं लागेल पण निम्म्यात पडेल. मधल्या विमानतळावर खिडकीकडचे बाक लांब आहेत, हात ठेवायचे दांडे नाहीत, मस्त झोपता येतं. मी झोपलोय. तिथून बस, रेल्वे नको. बस टेकडीच्या पायथ्याशी सोडते. बोलावण्याचं पत्र सोबत आहे. बाईंनी सही केलीय, नावाची जागा मोकळी ठेवलीय. तुमचे दोघांचे पासपोर्ट कपाटात वरच्या कप्प्यात आहेतच.

फार विचार करू नका असं सगळेच म्हणतात, मीही म्हणतो. लवकर या. येताना बारका रंधा आण.

इथे चहासाठी दोन कप आधीच धुऊन ठेवलेत.

तुझा,
भोवरा

---

२७ सप्टेंबर

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाईंना हो सांग. घरातलं माणूस येतंय. पत्रावर नाव भरलं, कागद झाले, तिकीटही तू सांगितलंस तसं निघालं. दिवस सांगत नाही. सांगितला तर तू आणायला निघशील, वाटेत कुठेतरी घंटा दिसेल, आणि आलेलं माणूस पायथ्याशी ताटकळेल. पत्ता आहे, तोंड आहे, येईल विचारत.

भिंगांच्या खोलीचा ताबा मला मिळाला. पहिल्याच दिवशी यंत्रांच्या जागा बदलून घेतल्या. इतकी वर्षं आम्ही सगळे उजेडाकडे पाठ करून घासत होतो. कशी करणार दोन्हीकडचं, हे विचारू नकोस. माझं मी बघितलंय.

तुझ्या मागच्या पत्राच्या शेवटाकडच्या दोन वाक्यांवरून या घरात तीन दिवस वाद झाला. कुठल्या शब्दावर ते लिहीत नाही. मी हरले. हरून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

खिडकीजवळची खाट मोकळी ठेव. आणि काही रंधू नकोस, हात बांधून बस!

माया होती तेवढीच आहे, एक कानाही कमी नाही.

ताई

---

१९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कुठे आहेस? मी टेकडीवर राहायला आलोय, बाई उद्या निघणार. सामान बांधून ओळीने दारात लावलंय, आणि दर थोड्या वेळाने त्या माझ्याकडे बघून दोन बोटं दाखवतात. मीही दोन बोटं दाखवतो. एवढ्यावर आमचा विश्वास टिकून आहे. तू चुकीच्या बसमध्ये तर नाही ना बसलीस? खाट खिडकीजवळ लावलीय, उशीला नवा अभ्रा घातलाय, घडी कशी घातलीय ते बघून तू

थांब. कुत्रं भुंकतंय. कुणीतरी चढण चढतंय. बघून येतो.

ताई! अण्णा!

अण्णा आलेत. डोक्यावर तुझी लोकरी टोपी, एका हातात तुझी निळी बॅग, दुसऱ्या हातात हत्यारांची पेटी, जी उचलताना माझा खांदा निखळायची वेळ आली. मी नमस्काराला वाकलो तर त्यांनी मला बाजूला केलं आणि सरळ त्या शिट्टीच्या खिडकीपाशी गेले. चौकटीवरून अंगठा फिरवला. या लाकडाचा खून कोणी केला, असं विचारलं. मी म्हटलं, मीच. मग मान हलवली आणि माझा दंड दाबून बघितला, फळी वाळलीय का बघतात तसा. सुकलेला नाही, एवढंच म्हणाले.

बाईंनी चहा दिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. अण्णांनी चौकटीवर टकटक केलं, बाईंनी पुढच्या चौकटीवर टकटक केलं, असे दोघं घरभर हिंडून आले. बाई परतल्या त्या हसतच. त्यांनी फटीतला एक मोजा काढून टोपलीत टाकला.

मग मी हळूच विचारलं, की तुम्ही कसे. तर ते म्हणाले, तूच तर बोलावलंस. ताईला तू 'ये' म्हणतोस. 'या' म्हणशील असं घरात दुसरं आहे कोण? मी म्हटलं, पण पुढे 'आण' लिहिलं होतं. त्यावर म्हणाले, ताईही हेच म्हणाली, पण तुझा काना कुठे गळतो हे साऱ्या घराला ठाऊक आहे. 'आणा'तला गळला असणार.

ताई, मी 'ये'च लिहीत होतो. मात्रा द्यायची राहिली, काना पडला, एवढंच. पण ते पेटी उघडून बसले होते. बारका रंधा वर काढला होता, त्याचं पातं नव्याने धार लावलेलं. तेव्हा मी म्हटलं, हो अण्णा, तुम्हालाच लिहिलं होतं. घाईत काना राहिला.

आजवर माझी एकही चूक तू सोडली नाहीस. ही पहिली. हिच्यावर तुझी लाल शाई कधी फिरवू नकोस.

अण्णांनी हाक मारली. चौकट धरायला दोन माणसं लागतात म्हणे. जातो.

तुझा भोवरा,
आणि लवकर आलेले अण्णा