वाऱ्याच्या दिशेने

वयाने, मानाने आणि डोक्यावरच्या केसांनीही थोर असलेल्या साडूभाऊंना धाकट्या साडूचा वाकून नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? बरीच असणार. तुमचं कधी काही बिघडतं का! इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून.

तुम्ही पाठवलेलं विमान सासरी पोचलं. सासऱ्यांनी (त्यांची सगळी हयात खरी विमानं दुरुस्त करण्यात गेली) दोघा जावयांना सुटे भाग जुळवून करायची एकसारखी छोटी विमानं दिली आणि ‘ज्याचं चांगलं होईल ते माझ्या काचेच्या कपाटात’ असं जाहीर केलं, तेव्हाच मी निम्मा हरलो होतो. तुमचं विमान कापसातून बाहेर आलं आणि उरलेला निम्माही हरलो. पत्र्यांच्या जोडांवरच्या त्या काळ्या रेषा! केसासारख्या बारीक, कुठे ठिपका नाही की डाग नाही. माझी बायको म्हणाली, “ताईचे हे किती निगुतीनं करतात ना!” मी घरातले पडदे लावले, नळ बदलला, तेव्हा तिला हा ‘निगुती’ शब्द आठवला नव्हता.

आता माझ्या विमानाचं. रंगापर्यंत सगळं ठीक होतं (करडा, जरा थापल्यासारखा, पण करडाच). मग जोडांच्या खाचांत पातळ शाई सोडायची वेळ आली. फोनवर तुम्हीच शिकवलंत, की खाचेत शाई सोडा, ती आपोआप धावते, जरा सुकली की वर सांडलेली पुसा आणि पुसताना वाऱ्याच्या दिशेने पुसा. मी तुमचा शब्द खाली पडू दिला नाही. विमान टेबलावर ठेवलं, टेबलफॅन सुरू केला आणि वारा जाईल तसा पुसत गेलो. फॅन विमानाच्या उजव्या अंगाला होता. त्यातून तो मान फिरवणारा. तो इमानेइतबारे मान फिरवत होता आणि त्याच्यामागोमाग माझा कापडाचा बोळा, आणि विमानभर शाईचे आडवे फराटे.

वारा म्हणजे उडत्या विमानाच्या नाकाकडून शेपटीकडे जाणारा वारा, हे मला सासऱ्यांनी सांगितलं. त्याआधी त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, “जावईबापू, हे विमान आडवं उडतं की काय?” सासूबाई हसायला स्वयंपाकघरात गेल्या. ‘नाकाकडून शेपटीकडे’ एवढं बोलला असतात तर तुमची जीभ झिजली असती का? माझा जळफळाट होतोय साडूभाऊ, आणि मी तो लपवत नाही. त्या घरात ‘आमचे जावई’ म्हटलं की तुम्ही. मी अजून ‘धाकटीचे ते’.

ताईंना नमस्कार सांगा. तुम्हाला वर केलाच आहे.

(अजून तरी) आपलाच,
धाकटा साडू

ता. क. सासऱ्यांनी निकाल दिलेला नाही. तुम्हाला एका कपाटाने काय फरक पडतो? ‘माझं विमान कपाटात नको’ असा त्यांना एक फोन कराल का? (पत्र त्यासाठीच लिहिलंय.)

ता. क. दुसरा. वरची विनंती रद्द. बायको आत्ताच माहेराहून आली. कपाटात माझं विमान बसलंय! आल्यागेल्याला दाखवून सासरे सांगतात, ‘हे आमच्या जावयाचं.’ हसत सांगतात, पण सांगतात. मी क्षणभर हवेत होतो. मग ती म्हणाली, की तुमचं विमान त्यांनी उशाशी ठेवलंय आणि दिवा मालवण्याआधी ते हातात घेऊन बघत बसतात. तेव्हा कपाट तुम्ही घ्या, आणि फोन उशाबद्दल करा.